चेअरमनची वंगाळ नावं

चेअरमननी मला नाव दिलं नाही याचं मला बरीच वर्षं वाईट वाटत होतं. ऐकणाऱ्याला वाटेल, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे. ते देत ती नावं काही मिरवण्यासारखी नसत. एका भल्या गृहस्थाचं त्यांनी 'तहकूब' करून टाकलं होतं, दुसऱ्याचं 'आमसभा'. पण त्या गावात ज्याला असं नाव नाही तो पाहुणा. पाहुण्याला चहा कपबशीतून मिळे आणि घरच्या माणसाला जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, वाटीतून. मी तिथं होतो तोवर मला कपबशीच मिळाली.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट आहे. मी औरंगाबादेत शिकून रिकामा झालो होतो. इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं, आणि कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच शिकलो होतो. ते का शिकलो हे विचारू नका, वडिलांनीही विचारून सोडून दिलं होतं. त्या दिवसांत दुष्काळी गावांतून बोअर पाडून द्यायला एक परदेशी मदत संस्था मशीन घेऊन आली होती. मशीनबरोबर दोन माणसं होती. एक इंग्रज इंजिनिअर आणि एक फ्रेंच मेकॅनिक. त्यांना दुभाषी हवा होता, आणि बीड जिल्ह्यात उन्हाळाभर भटकायला तयार असलेला, फ्रेंच येणारा दुसरा वेडा त्यांना सापडला नाही.

दिंद्रुडच्या पलीकडच्या त्या गावात आम्ही पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. सोसायटीच्या पत्र्याच्या शेडपुढं एक म्हातारे गृहस्थ उघडी छत्री घेऊन उभे होते. डोक्यावर निजामाच्या काळातली लाल रुमी टोपी, तिचा गोंडा कधीच गळून गेलेला. अंगात खाकी कोट, खाली धोतर. मला वाटलं, छत्री उन्हासाठी असेल. पण ते शेडमध्ये शिरले तरी छत्री मिटेनात. शेवटी न राहवून मी विचारलं.

"पाऊस येईल तवा हुडकत बसू का?" ते म्हणाले. "छत्रीला उघडायची सवय ऱ्हायली पायजे. न्हाईतर ऐन टायमाला गंजती."

हे चेअरमन. दूध सोसायटीचे चेअरमन. त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे, आणि मीही ते बरेच दिवस विचारलं नाही. शिक्षण उर्दूत चौथीपर्यंत. सोसायटी त्यांनीच काढलेली. आधी हरेक घरचं दूध हरेकाच्या घरात नासत होतं, ते त्यांनी एका ठिकाणी आणून कॅनमधून दिंद्रुडला पाठवायला सुरुवात केली. "सोसायटी म्हंजे पत्र्याचं शेड न्हाई," असं ते म्हणत. "सोसायटी म्हंजे म्हशी. म्हशी गेल्या की शेडात बकरी बांधा." दुष्काळात ही म्हण रोज कानावर पडे, कारण म्हशी खरंच जायच्या बेतात होत्या.

नाव देण्याची त्यांची एक रीत होती. सकाळी दूध घालायला माणसं येत. चेअरमन कॅनजवळ खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याकडं बघत राहत. कसा चालतो, काय बोलतो, दूध घातल्यावर लगेच जातो की रेंगाळतो. हे बघणं महिनोन्‌महिने चाले. मग एखाद्या दिवशी तो माणूस रिकामी चरवी घेऊन उताराला लागला की चेअरमन छत्रीचं टोक कॅनवर आपटत आणि उरलेल्यांना नाव सांगत. त्यावर अपील नव्हतं. ज्याचं नाव त्याला मात्र ते कधी सांगायचे नाहीत. "ज्याचं त्यानं हुडकावं," म्हणत. दोन-चार दिवसांत ते त्याच्या कानावर जाईच. दोन-चार दिवस तो फुगून बसे आणि मग त्या नावाला ओ देऊ लागे.

नावं सगळी सोसायटीच्या कामकाजातून आलेली. 'तहकूब' हा गृहस्थ मुलीचं लग्न, घराची शाकारणी, गालावरचा दाढीचा खुंट, सगळं पुढं ढकलत आलेला. 'आमसभा'ला काहीही विचारा, तो पहिल्यापासून सुरू करी, मधेच भलतीकडं जाई आणि काही न ठरता चहावर संपे. एक जोडपं होतं. बाई बोले आणि नवरा शेजारी उभा राहून मान हलवी. ती 'सूचक' आणि तो 'अनुमोदक'. गावातला सगळ्यात वाळलेला माणूस 'फॅट', कारण दूध घातल्याबरोबर तो रोज विचारी, "फॅट किती लागली?"

इंजिनिअरला यातलं काही झेपेना. फॅट हा शब्द त्याच्या भाषेतला. पण या नावाचा काटकुळा माणूस पुढं आला तेव्हा त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच काहीतरी घोटाळा केलाय. मी दुधाच्या अंशाबद्दल समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, मग हे दुधाचं नाव माणसाला का? मी पुढच्या नावाकडं वळलो. 'सूचक-अनुमोदक' मी इंग्रजीत बरोब्बर सांगितलं. त्यावर त्यानं गंभीरपणे विचारलं, हे दोघं संचालक मंडळात आहेत का. म्हशीच्या शेणाशिवाय त्या जोडप्याच्या ताब्यात दुसरं काही नव्हतं.

फ्रेंच मेकॅनिकला यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नाही. नीट कळलंही नसेल, पण तो हसे. हसला की त्याच्या कमरेच्या पट्ट्याला लटकवलेले पाने आणि किल्ल्या वाजत. तसा तो न हसताही वाजतच असे, कारण एका जागी उभं राहणं त्याला जमत नव्हतं, आणि तोंड तर कधीच बंद नसे. समोरच्याला फ्रेंच येतं की नाही याचा विचार तो करत नसे. म्हशींशीसुद्धा फ्रेंचच बोले.

या दोघांना नावं द्यायला चेअरमननी महिने लावले नाहीत. पाहुणे थोड्या दिवसांचे, त्यांच्यासाठी घाईची सभा घ्यावी तसं त्यांनी उरकलं. मेकॅनिक 'खुळखुळा'. इंजिनिअर 'पंचांग', कारण काहीही करायच्या आधी तो खिशातून एक कागद काढून वाचे आणि मगच हात हलवी. मशीन कुठं उभं करायचं, डिझेल किती घालायचं, इतकंच काय, पाणी कधी प्यायचं हेही त्या कागदावर असावं असं गावाला वाटे.

पोरंटोरं मागून 'पंचांग, पंचांग' करू लागली तेव्हा इंजिनिअरनं मला अर्थ विचारला. मी म्हणालो, विद्वान माणूस.

यात मला काही वावगं वाटलं नाही. दुभाषाचा धंदाच तो. इकडचं तिकडं देताना खडे वेचायचे, फोलपटं पाखडायची. चेअरमन म्हणत, "त्या सायबाला सांग, तुझं मशीन रेड्यावानी वरडतंय आन्‌ पाणी चिमणीवानी बी देईना." मी सांगे, मशीनची ताकद पाहून चेअरमन थक्क झाले आहेत आणि पाण्याची वाट बघत आहेत. इंजिनिअर म्हणे, या माणसाला छत्री मिटायला सांग, तिची टोकं होजपाइपला लागतात. मी सांगे, साहेबांना तुमची छत्री फार आवडली. अशानं सगळ्यांचं बरं चालतं. चेअरमन मात्र मान तिरकी करून माझ्याकडं बघत.

"मी येवडं बोललो," ते एकदा म्हणाले, "आन्‌ तू इतकुसंच कावून सांगितलं?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात, चेअरमनसाहेब."

"हां," ते म्हणाले. "गरीब भाषा दिसती."

माझं पितळ खुळखुळ्यानं उघडं पाडलं. चेअरमनच्या घरी आम्ही जेवायला गेलो होतो. जेवण कसलं, सरकारी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, तांबडी भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिथं गावचे जोशीबुवा कुणाच्या तरी साखरपुड्याचा दिवस काढायला बसले होते. बुवा पान उलटत, बोट ठेवत, ओठ हलवत, पुन्हा पान उलटत. विचारणारा ताटकळत बसलेला. मेकॅनिकनं काकूंना खुणेनं विचारलं, ते काय आहे. काकू म्हणजे चेअरमनच्या मंडळी. त्या म्हणाल्या, "पंचांग." झालं. तो इतका हसला की त्याच्या किल्ल्यांनी घर दणाणलं. मग त्यानं आपल्या तोडक्या इंग्रजीत इंजिनिअरला सगळं नीट समजावलं.

इंजिनिअरनं मला बाजूला घेतलं. हा अपमान आहे का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, तसा थोडा आहे. तो रागावला नाही, पण त्याचा चेहरा पडला. म्हणाला, आमच्याकडं माणसाला त्याच्या नावानं हाक मारतात. तुमचा हा म्हातारा गरीब माणसांची थट्टा करतो आणि कुणी त्याला अडवत नाही. तो आमसभा नावाचा माणूस पायानं अधू आहे. त्याच्या नावाचा अर्थही लंगडाच असणार, फक्त तू मला तो सांगितला नाहीस.

हे मी चेअरमनना सांगितलं. नेहमीसारखं थोडं पाखडूनच सांगितलं, पण त्यांना पोचलं. त्यांना मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"तंगडीवरनं नाव ठिवायला आपन काय हलकट हाव?" ते म्हणाले. "देवानं दिलेल्या खोडीवर नाव ठिवायचं न्हाई. सोताच्या हातानं लावून घेतलेली खोड असंल, तिच्यावर ठिवायचं. तंगडी देवाची हाय. जीभ त्याची सोताची हाय."

"पण माणसांना राग येत नाही का?"

"येतो की. राग आला म्हंजे मानूस जित्ता हाय हे कळतंय. दुस्काळात त्येवडंच बघायचं असतंय."

त्यावर मेकॅनिक, नावांवरून काहीतरी चाललंय एवढंच ओळखून, मधेच बोलू लागला. त्याच्या खेड्यात म्हणे प्रत्येक घराला असं नाव असतं. त्याच्या आजोबांना सगळे 'ओलं लाकूड' म्हणत. अजूनही त्यांच्या घराला ओल्या लाकडांचं घर म्हणतात. हे त्यानं फ्रेंचमध्ये सांगितलं, मी मराठीत केलं. पुढं कारण सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोवर चेअरमन म्हणाले, "उशिरा पेटला असंल. लगीन म्हातारपनी झालं व्हय?"

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. मेकॅनिक टाळी देत उठला. आजोबांनी एका बाईमागं वर्षानुवर्षं हिंडून पन्नाशीला लग्न केलं होतं. ते दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते आणि इंजिनिअर माझ्याकडं बघून विचारत होता, ओलं लाकूड म्हणजे काय? मी त्याला समजावून सांगितलं. समजल्यावरही तो हसला नाही. त्याच्या गावी असं काही नसावं, किंवा असलं तरी त्याच्या घरी कुणी येऊन सांगितलं नसावं. मला त्या दिवशी त्याची दया आली.

सूचकबाईच्या कडेवर एक बाळ असे. हडकुळं, पण डोळे टपोरे. त्याला ती 'उकिरड्या' म्हणे. हे नाव चेअरमननी दिलेलं नव्हतं, तिनं स्वतःच ठेवलेलं. आधीची दोन लेकरं गेली होती. मेकॅनिकनं बाळाचं नाव विचारलं आणि मी, काय करावं न सुचून, खरा अर्थ सांगून टाकला. शेणकचरा टाकायची जागा. त्याच्या किल्ल्या एकदम थांबल्या. आई आपल्या मुलाला असं का म्हणते?

"चांगलं नाव ठिवलं की मरणाची नदर जाती," सूचकबाई म्हणाली. "उकिरड्याला कोन नेतंय?" अनुमोदकानं मान हलवली.

मेकॅनिकनं बाळाच्या गालाला बोट लावलं. 

बोअरचं काम सुरू होण्याआधीच चेअरमननी सगळ्यांकडून शपथ घेतली होती. विहिरींना तळाचा गाळ राहिला होता. सरकारी टँकर यायचा त्यात माणसांचं कसंबसं भागे. म्हशींसाठी व्यापारी बाजारात टपलेलेच होते, आणि म्हैस त्यांच्या हाती गेली की पुढं कुठं जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेअरमननी शेडपुढं कॅन मांडला, हरेकाला त्यावर हात ठेवायला लावला आणि दुधाची आण घातली. बोअर होईस्तोवर कुणी म्हशीचं दावं सोडायचं नाही. पाणी लागलं तर सोसायटी राहील. नाही लागलं तर ज्याला जिकडं जायचं तिकडं जावं. दुधाची आण त्या गावात कुणी मोडत नाही. तहकूबनंसुद्धा पुढं न ढकलता हात ठेवला.

म्हणजे सगळं त्या एका बोअरवर आलं. संस्थेचा नियम असा की एका गावाला एकच बोअर, तोही ठरलेल्या खोलीपर्यंत. पुढची गावं रांगेत होती. आमच्यानंतर आष्टीकडचं एक गाव होतं, तिथंही लोक वाट बघत होते. मशीन धडधडू लागलं की भोकातून धूळ उडे. पहिल्यांदा मुरमाची पिवळी, मग काळ्या पाषाणाची करडी. गाव कडेनं बसून धुळीचा रंग बघे. धूळ ओली झाली की पाणी, एवढं सगळ्यांना कळलं होतं. बायका मुठीत धूळ घेऊन चोळून बघत. ती पिठासारखी कोरडी असे.

एका दुपारी ठरलेली खोली आली. धूळ कोरडीच. इंजिनिअरनं खिशातून कागद काढला, वाचला, घडी घातली आणि मेकॅनिकला रॉड वर घ्यायची खूण केली. मशीन बंद झाल्यावर इतकी शांतता झाली की म्हशी रवंथ करतात त्याचा आवाज ऐकू यायला लागला. फॅट उठून आपल्या म्हशीपाशी गेला आणि तिच्या गळ्यातलं दावं नुसतं हातात धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बाजार होता.

चेअरमन उठले. छत्री मिटली. ती मिटलेली मी त्यांच्या हातात बाहेर, उन्हात, पहिल्यांदाच पाहिली. ते सरळ इंजिनिअरपुढं जाऊन उभे राहिले.

"पंचांगा," ते म्हणाले.

मी घाईनं इंग्रजीत सुरुवात केली, चेअरमनसाहेब आपल्याला नम्र विनंती करतात की... तेवढ्यात त्यांनी छत्रीचं टोक माझ्या पावलावर ठेवलं.

"थांब बे. गाळू नको. जसं येतंय तसं वत."

"चेअरमनसाहेब, तो चिडेल."

"चिडू दे. वत."

मग ते बोलत गेले आणि मी जसंच्या तसं ओतत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुला आमी पंचांग म्हन्तो. तुला डोळ्याम्होरचं दिसत न्हाई, कागदातलं दिसतंय. आल्यापासनं तू एका म्हशीच्या अंगाला हात लावला न्हाई. आमच्यातल्या कुनाचा चेहरा बी तुझ्या ध्यानात न्हाई. पर तू चोर न्हाईस. उन्हात उभा ऱ्हातोस, आमच्यावानी मिलो खातोस. हितं लई सायेब आले. चा पिले, गेले. त्यान्‌ला आमी सायेबच म्हन्लं. नाव दिलं न्हाई. तुला दिलं. आमाला ज्याला ठिवून घ्यायचं असतंय त्याला आमी वंगाळ नाव देतो. त्या लेकराच्या मायला इचार. मला इचार. माझ्या आदी मायची तीन गेली. मला तिनं धोंडा म्हन्लं. धोंडा म्हन्लं म्हून मी ऱ्हायलो."

गावात कुजबुज झाली. त्यांचं नाव त्यांच्या तोंडून तिथल्या तरण्या माणसांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"आता दोन रॉड अजून घाल," चेअरमन म्हणाले. "दोनच. न्हाई लागलं तर मी सोता म्हशी सोडून देतो."

मी शेवटचा शब्द सांगून थांबलो. इंजिनिअर लाल झाला होता. तो म्हणाला, पुढच्या गावातही माणसंच आहेत. त्यांचा दिवस मी यांना कसा देऊ?

मी तेही तसंच ओतलं. चेअरमननी मान खाली घातली.

"त्याचं खरं हाय," ते म्हणाले. "त्याला सांग, अर्दा दिस आमी त्यांचा उसना घेतो. मी सोता संगं येतो आन्‌ त्यांच्या म्होरं हात जोडतो."

इंजिनिअरनं मला विचारलं, हे सगळं त्यानं खरंच असंच म्हटलं का? मी म्हणालो, शब्दन्‌शब्द. मग त्यानं एक विचित्र प्रश्न विचारला. तुला ते काय म्हणतात? मी म्हणालो, मला त्यांनी नाव दिलेलं नाही. त्यावर तो जरासा हसला. मग त्यानं हातातला कागद घडी न उलगडता खिशात घातला आणि वळून फॅटच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. हात कुठं ठेवावा हे त्याला माहीत नव्हतं, म्हशीनं शेपटी मारली. मेकॅनिकला तो म्हणाला, सकाळी. दोन.

सकाळी ऊन चढायच्या आत मशीन सुरू झालं. पहिला रॉड कोरडाच गेला. दुसरा अर्धा गेल्यावर धूळ उडायची थांबली. मला वाटलं मशीन बिघडलं. मेकॅनिक ओरडू लागला, फ्रेंचमध्ये, आणि कुणालाही भाषांतराची गरज पडली नाही. भोकातून काळा चिखल आला, मग गढूळ पाणी. फवारा बिवारा नाही. कमरेएवढं उसळलं आणि वाहत राहिलं. सूचकबाईनं ओंजळीत घेऊन उकिरड्याच्या डोक्यावर घातलं, अनुमोदकानं स्वतःच्या. चेअरमन जवळ गेले, छत्री उघडली आणि त्या पाण्यात छत्रीखाली उभे राहिले.

"लई न्हाई," ते म्हणाले. "पर म्हशीला पुरतंय."

आणि त्याच दुपारी ते खरोखर आमच्या ट्रकमध्ये चढून आष्टीकडं आले. मला वाटलं होतं, बोलण्याच्या भरात म्हणून गेले असतील. काकूंनी भाकरी बांधून दिली. रस्ताभर ते मशीनच्या दांडक्याला धरून उभे होते. पुढच्या गावात पोचायला संध्याकाळ झाली. लोक सकाळपासून खोळंबलेले. चेअरमन सगळ्यांच्या आधी खाली उतरले, टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "तुमचा अर्दा दिस आमी घेतलाव. आमच्या म्हशी वाचल्या. रागवायचं असंल तर माज्यावर रागवा, या लोकांवर न्हाई." कोण कुठला म्हातारा कशाची माफी मागतोय हे त्या लोकांना कळेना. एका धनगर आजीनं त्यांना पाणी दिलं. टँकरचं पाणी, अर्धा तांब्या. चेअरमननी दोन घोट घेतले आणि उरलेलं परत दिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

सकाळी मी त्यांना आष्टीच्या स्टँडवर सोडायला गेलो. एसटीला गर्दी होती. माझ्यानं राहवलं नाही. "चेअरमनसाहेब, सगळ्यांना दिलं. मला नाव का नाही दिलं?"

त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं. "ज्याचं त्यानं हुडकावं," म्हणाले, आणि छत्री उघडी ठेवूनच गाडीत शिरायला लागले. कंडक्टरशी त्यांची हुज्जत चालू असताना गाडी सुटली.

पुढं मी शहरात नोकरीला लागलो, भाषांतरंच करत राहिलो. तीसेक वर्षांनी चेअरमन नव्वदी गाठून वारले, ते मला उशिरा कळलं. मी गेलो तेव्हा त्यांच्या जाण्याला वर्ष झालं होतं. शेड जाऊन सोसायटीची इमारत आली होती. बोअरवर हापसा होता आणि त्याला अख्खं गाव 'खुळखुळा' म्हणत होतं. "खुळखुळ्यावरनं दोन घागरी आण," अशी हाक मी उतरल्या उतरल्या ऐकली. तो मेकॅनिक आता जगात कुठं असेल ठाऊक नाही, पण त्याच्या नावाची घागर तिथं रोज भरते. कागद वाचल्याशिवाय हात न हलवणाऱ्या माणसाला तिथं अजून पंचांग म्हणतात. उकिरड्या मिशावाला झाला होता आणि सोसायटीचा चेअरमन होता. त्याची हाक मात्र उकिरड्याच.

ओट्यावर सूचकबाई बसली होती. पार म्हातारी झालेली, शेजारी अनुमोदक. मी पुढं होऊन ओळख सांगू लागलो, मी तेव्हाचा दुभाषी, परदेशी लोकांबरोबर... तिनं मला बोलूच दिलं नाही. डोळ्यांवर हात धरून एकदा पाहिलं आणि आत सुनेला हाक मारली.

"फाटकी गाळणी आली गं. चा ठिव."

मी विचारलं, कोण आली?

"तू," ती म्हणाली. "तुला ठावं न्हाई व्हय? आष्टीवरनं आले त्याच दिशी म्हन्ले जुनं चेअरमन. आदी नुसती गाळणी व्हती, सगळा गाळ सोतापाशी ठिवायची. त्या दिशी फाटली. आता आपली हाय, म्हन्ले."

अनुमोदकानं मान हलवली.

इतकी वर्षं ते नाव त्या गावात माझी वाट बघत होतं आणि मी कपबशीचं दुःख करत शहरात बसलो होतो. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. सून चहा घेऊन आली. जर्मनच्या वाटीत होता, काठोकाठ, आणि वर चहाची पत्ती तरंगत होती. मी तसाच प्यालो.